कुर्माघरातून दलमकडे

एका लेखात म्हटलंय की नक्षल दलममध्ये, म्हणजे जंगलातल्या सशस्त्र तुकडीत, गेलेल्या बायांनी चूल-मूल झुगारलं. अर्धं खरं आहे.

मी गडचिरोलीतल्या एटापल्लीकडे सात वर्षं मास्तर होतो. तिकडं माडिया आदिवासींच्या गावांत पाळी आली की पोरीला कुर्माघरात राहावं लागतं. गावाच्या कडेला कुडाची झोपडी, दार इतकं बुटकं की वाकूनच शिरायचं, पावसाळ्यात भुई ओली अन् सापाची भीती वेगळी. अशा पोरीला चेतना नाट्य मंचवाले, म्हणजे नक्षलवाद्यांचं कलापथक, गाणी म्हणत, गणवेशातल्या बाया दाखवत भेटले तर ती जाणारच की. माओ-बिओ नंतर.

पण पुढं काय? दलममध्ये लग्नाला वरून परवानगी, त्यात नवऱ्याची नसबंदी. मूल नको हे तिनं नाही, माओवादी पक्षानं ठरवलं. आत्मसमर्पणानंतर ती नस पुन्हा जोडून घेतलेली जोडपी गडचिरोलीत आहेत. त्यातली एक बाई आठवडी बाजारात भेटायची, कडेवर पोर, हातात वांग्याची पिशवी. विचारलं, बंदूक जड व्हायची का? म्हणाली, "बंदूक नाही जी, पाळीत रातभर चालणं जड जाये."

अन् नक्षल चळवळीतली ताराक्का. तीन दशकांहून जास्त जंगलात काढून १ जानेवारी २०२५ ला तिनं मुख्यमंत्र्यांसमोर शस्त्र ठेवलं. बातम्यांत ओळख काय, तर माओवाद्यांचा बडा नेता भूपती याची बायको. ऑक्टोबरात भूपतीही शरण आला, तेव्हा 'ताराक्काचा नवरा' असा मथळा मी तरी कुठं वाचला नाही.