‘धावपट्टी तर रिकामीच असते’ हा हिशेब चुकतो कुठे?

अमेरिकेतल्या रिलीव्हर विमानतळांबद्दल एक दावा सर्रास फिरतो: “इथली धावपट्टी दिवसभर रिकामी असते. वार्षिक क्षमतेच्या जेमतेम 60 टक्के वापर होतो. उशीर होतो तो मोठ्या विमानतळांवर. मग छोट्या विमानांसाठी नवे टॅक्सीवे (विमानांना धावपट्टीपर्यंत जाण्या-येण्याचे रस्ते) आणि धावपट्ट्या बांधणे ही उधळपट्टीच.” मोठ्या प्रवासी विमानतळावरची गर्दी हलकी व्हावी म्हणून खासगी, प्रशिक्षणाच्या आणि कंपन्यांच्या विमानांना सोय करून देणारा विमानतळ म्हणजे रिलीव्हर, न्यूयॉर्कजवळचे टेटरबोरो किंवा लॉस एंजेलिसचे व्हॅन नाइस ही त्यातली ठळक नावे. दावा ऐकायला पटतो, म्हणूनच तो खोडून काढायला हवा.

आधी रिकामेपणाचे बघू. एफएए म्हणजे अमेरिकेची नागरी विमान वाहतूक नियामक संस्था. तिच्या 1983 सालच्या क्षमता-विलंब परिपत्रकात एकच धावपट्टी आणि बहुतांश छोटी विमाने असतील, तर चांगल्या हवेत तासाला 98 उड्डाणे-अवतरणे आणि वर्षाला 2,30,000 अशी ढोबळ क्षमता दिली आहे. आता 98 ला वर्षातल्या सगळ्या तासांनी गुणून पाहा. उत्तर साडेआठ लाखांच्या पुढे जाते. वार्षिक आकडा त्याच्या चौथ्या हिश्शाच्या आसपास आहे, कारण रात्र, थंडावलेले महिने आणि खराब हवा त्यात आधीच वजा झाली आहे. रिकामी धावपट्टी दाखवून ‘बघा, क्षमता पडून आहे’ म्हणणारा तीच वजावट दुसऱ्यांदा करतो.

दुसरे, 98 हा आकडा दगडावरची रेघ नव्हे. ढग खाली आले आणि उपकरणांच्या आधारे उतरायची वेळ आली की त्याच तक्त्यात तो 59 होतो, तोही रडार आणि आयएलएस (कमी दृश्यतेत रेडिओ संकेतांनी धावपट्टीपर्यंत वाट दाखवणारी यंत्रणा) आहे असे धरून. रडारची नजर पोचत नाही आणि नियंत्रण मनोराही नाही, अशा ठिकाणी आधीचे विमान उतरल्याची खात्री होईपर्यंत पुढच्याला परवानगीच मिळत नाही. शिवाय टच अँड गो, म्हणजे उतरून न थांबता लगेच पुन्हा उडणे, याच्या एका फेरीची नोंद दोन अशी होते, त्यामुळे प्रशिक्षणाच्या विमानतळाचा आकडा फुगलेला दिसतो. वेगाचाही प्रश्न आहे. 65 नॉट्सने (म्हणजे ताशी 65 सागरी मैलांनी) येणाऱ्या चार आसनी विमानाला शेवटचे पाच सागरी मैल कापायला साडेचार मिनिटांहून जास्त लागतात, 120 नॉट्सच्या जेटला अडीच. जेट मागे असेल तर या फरकाइतके अंतर आधीच सोडून ठेवावे लागते आणि धावपट्टीची ती मिनिटे वाया जातात.

टॅक्सीवेला उधळपट्टी म्हणणाऱ्यांनी तर समांतर टॅक्सीवे नसलेली धावपट्टी एकदा बघावीच. उतरलेले विमान वळून त्याच धावपट्टीवरून परत येते. दीड किलोमीटर अंतर ताशी 30 किलोमीटरने म्हणजे तीन मिनिटे, आणि तेवढा वेळ वर कोणी उतरू शकत नाही, खाली कोणी उडू शकत नाही. अनेक ठिकाणी नव्या धावपट्टीची गरजच नसते, हे मान्य. समांतर टॅक्सीवे आणि योग्य जागी काढलेले बाहेर पडायचे मार्ग पुरतात. पण दाव्यात नेमका त्यांनाच विरोध आहे.

‘उशीर मोठ्या विमानतळांचा’ हेही खरे नाही. रिलीव्हरवर ताटकळावे लागले की जेटचा वैमानिक सरळ मोठ्या विमानतळाकडे वळतो आणि तिथल्या प्रवासी विमानांच्या रांगेत आणखी एक विमान वाढते. ती रांग कमी करण्यासाठीच तर रिलीव्हर उभारला.

राहिला 60 टक्क्यांचा मुद्दा. वापर तिथवर पोचला की क्षमतावाढीचे नियोजन सुरू करावे, हीच एफएएची मार्गदर्शक रेषा आहे. मागणी क्षमतेच्या जवळ जाते तसा सरासरी विलंब सरळ रेषेत वाढत नाही, शेवटच्या टप्प्यात तो उसळतो. पर्यावरणाचा आढावा, भूसंपादन, निधी आणि बांधकाम यांत वर्षे जातात. म्हणून विरोध करायचाच असेल, तर त्या विमानतळाच्या सर्वांत गर्दीच्या महिन्यातल्या सर्वांत गर्दीच्या तासाचे आकडे मागवा आणि त्यावर बोला.