चाळकेवाडीचे सरडे ‘वाढले’, म्हणजे नक्की काय झालं?

मागे पवनचक्की, पुढे दगडावर गळ्याचा निळा-काळा-केशरी पंखा फुलवून बसलेला सरडा, असा एक फोटो व्हॉट्सअ‍ॅपवर फिरतोय. खाली मजकूर: ‘पवनचक्क्यांमुळे चाळकेवाडीचे सरडे वाढले, शास्त्रज्ञांनीच सिद्ध केलंय. पठार तसंही ओसाड. आणि हा सरडा कुठल्याही माळावर दिसतो. धोका कसला?’

शास्त्रज्ञांचं नाव घेतलंच आहे, तर ते काय म्हणाले ते बघू. बेंगळुरूच्या भारतीय विज्ञान संस्थेतल्या मारिया ठाकर आणि सहकाऱ्यांचा हा अभ्यास 2018 मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांनी सातारा जिल्ह्यातल्या चाळकेवाडीच्या पठारावर चक्क्या असलेला आणि नसलेला भाग ताडून पाहिला. चक्क्यांखाली सरडे दाट होते, हे खरं. पण त्याच भागात शिकारी पक्षी जवळजवळ चौपट कमी होते. तिसा, कापशी असले पक्षी चक्क्यांच्या आसपास फिरकत नाहीत, म्हणून त्यांचं भक्ष्य माजलं. तेही नावापुरतंच, कारण हे सरडे अंगाने रोडावलेले, नरांच्या गळ्याचा रंग फिका. रक्तात ताणाचं संप्रेरक कमी, आणि माणूस अगदी जवळ जाईपर्यंत ते पळत नव्हते. गर्दीत खाण्याची वाटणी आणि घारीचा धाक नाही, असा त्याचा अर्थ अभ्यासकांनी लावला. अन्नसाखळीत पवनचक्की जणू सर्वांत वरच्या शिकाऱ्याची जागा घेते, असं ते म्हणतात. याला ‘भरभराट’ म्हणायचं असेल तर म्हणा बापडे.

‘ओसाड’बद्दल फार बोलायला नको. जांभ्याचा सडा, म्हणजे जांभा दगडाचं सपाट पठार, उन्हाळ्यात उघडाबोडकाच दिसतो. असाच दिसणारा कासचा सडा 2012 पासून जागतिक वारशात आहे.

‘कुठल्याही माळावर दिसतो’ हे मात्र सपशेल चूक. गळ्याला पंखा असलेले इथले सगळे सरडे पूर्वी एकाच जातीत कोंबले जात. 2016 मध्ये संशोधकांनी ‘सरडा’ याच नावाची नवी प्रजाती (म्हणजे जवळच्या जातींचा गट, इंग्रजीत ‘जीनस’) मांडली आणि तिच्यात तीन जाती दाखवल्या. त्यातली ‘सरडा सुपर्बा’ ही जात शास्त्राला कळली ती चाळकेवाडीच्या नमुन्यांवरून. तुमच्या गावच्या माळावरचा सरडा बहुधा तिचा चुलतभाऊ असेल.

राहिला धोका. तो नुसती डोकी मोजून ठरत नाही. कुठली जात किती धोक्यात आहे हे ठरवणाऱ्या आययूसीएन या आंतरराष्ट्रीय निसर्गसंवर्धन संघटनेच्या एका निकषानुसार जातीचा विस्तार 20,000 चौरस किलोमीटरच्या आत असेल, अधिवास फार तुटलेला किंवा 10 हून जास्त ठिकाणी नसेल आणि तो सतत घटत असेल, तर जात ‘संकटप्रवण’ धरता येते. सह्याद्रीचे सडे मुळातच सुटे. मध्ये दऱ्या आणि दाट झाडी, आणि हा प्राणी उघड्या जमिनीवरचा. सड्यावर रस्ते झाले, खोदकाम झालं, तर इथल्या सरड्याला पलीकडच्या सड्यावर जाऊन बस्तान बसवणं सोपं नाही. एका सड्यावरची गर्दी दाखवून जात सुखरूप आहे म्हणणं म्हणजे एसटी स्टँडवरच्या गर्दीवरून गावची लोकसंख्या ठरवणं.

मग चक्क्या पाडायच्या का? नाही. कोळशापेक्षा वारा केव्हाही बरा. पण ‘वाढले’ म्हणायला आधीचा आकडा लागतो, आणि या अभ्यासातली तुलना दोन जागांची आहे, दोन काळांची नाही. पवनऊर्जा प्रकल्पांना 2006 च्या अधिसूचनेनुसार पर्यावरण आघात मूल्यांकन लागत नाही. त्यामुळे उद्या नव्या सड्यावर चक्क्या आल्या, तरी तिथले तिसे आणि सरडे आधी मोजून ठेवायची सक्ती कुणावरच नाही.