हेड उतरवलंच आहे तर...

डिझेल गाडीचं हेड गॅस्केट (इंजिनाचा वरचा भाग म्हणजे हेड, आणि खालचा ब्लॉक, या दोघांमधला पातळ थर) गेलं, ही बातमी मालक सोडून बाकी सगळ्यांना आधी लागते. टपरीवाल्याला मागचा पांढरा धूर दिसतो. पंपावरचा पोरगा म्हणतो, "काका, परवाच तर दोन लिटर पाणी घातलं होतं." वडाप जीपच्या मागच्या सीटवरच्या मावशींना कसला तरी गोडसर वास येतो. मालक मात्र डॅशबोर्डकडं बोट दाखवतो: "काटा मधोमध आहे की!"

तापमानाचा काटा मधोमधच असणार, तो तसाच राहावा म्हणून बनवलेला असतो. पाणी साधारण ७५ अंशांपासून १०० च्या आसपास जाईपर्यंत बऱ्याच गाड्यांत काटा मुद्दाम एका जागी बसवून ठेवतात, कारण तो जरा हलला की गिऱ्हाईक शोरूमच्या दारात हजर. त्यातून सेन्सर असतो पाण्यात. पाणीच निघून गेलं की तो हवेत आणि वाफेत लोंबकळतो आणि तापमान उतरल्याचं कळवतो. आत हेड भाजून निघतंय आणि मालक खूश: घाट चढूनसुद्धा गाडी गार!

मी इथं जुन्या मेकॅनिकल डिझेल पंपाच्या, टर्बोवाल्या (टर्बो म्हणजे धुराच्या जोरावर फिरून इंजिनात जास्त हवा कोंबणारा पंखा), चार सिलिंडरच्या जीपला धरून बोलतोय. सातारा-कोल्हापूरकडं वडापला माणसं कोंबून घाट चढते ती जमात. कॉमन रेलवाल्यांनीही (प्रचंड दाबानं डिझेल फवारणाऱ्या नव्या इंजिनांच्या मालकांनीही) वाचावं, पण डिझेलच्या पाइपांना हात लावू नये. का, ते पुढे येईलच.

हेड खोलायच्या आधी खात्री करा, कारण गॅरेजात "पाणी खाते" एवढं म्हटलं की पाना बाहेर येतो. सकाळी गार इंजिनावर रेडिएटरचं झाकण उघडून गाडी चालू करा. बुडबुडे न थांबता येत राहिले, किंवा झाकण लावल्यावर इंजिन अजून गार असतानाच वरचा होज मिनिटभरात टणक झाला, तर सिलिंडरचा गॅस पाण्यात शिरतोय. निळ्या द्रवाची चाचणी मिळाली तर उत्तम. रेडिएटरच्या तोंडावरची हवा त्या द्रवातून ओढायची, जळक्या गॅसमधल्या कार्बन डायऑक्साइडनं रंग बदलतो. पेट्रोल गाडीत तो पिवळा होतो. डिझेलच्या धुरात आयडलला हवाच जास्त, त्यामुळं रंग पुष्कळदा हिरवटावर थांबतो. "पिवळा नाही म्हणजे गॅस्केट चांगलं" असा निकाल देणारे विद्वान इथंच फसतात. कॉम्प्रेशन गेजसुद्धा डिझेलचंच हवं. पेट्रोलचं गेज २० बारच्या आसपास संपतं, इथं धडधाकट सिलिंडर २५ ते ३० बार देतो. शेजारशेजारचे दोन सिलिंडर एकदम पडलेले निघाले तर गॅस्केट त्या दोघांच्या मधे फाटलंय.

ऑइलच्या झाकणाखाली पांढरट चिकटा दिसला म्हणून मात्र लगेच रडू नका. भर पावसाळ्यात महाबळेश्वरात दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या मारणाऱ्या गाडीत तो नुसत्या ओलाव्यानंही धरतो. डिपस्टिकवरचं ऑइलही दुधाळ निघालं, तर पाकीट काढा.

गॅस्केट म्हणजे जेमतेम दीड मिलिमीटरची भोकाभोकांची पट्टी. आग, पाणी आणि ऑइल या तिघांची गाठ पडू द्यायची नाही, एवढीच तिची नोकरी. बोअर, म्हणजे सिलिंडरचं भोक, ९० मिलिमीटर आणि जळतानाचा दाब १०० बार धरला, तर एकेक सिलिंडर हेडला सुमारे साडेसहा टनांच्या जोरानं वर ढकलत असतो, आणि २,००० आरपीएमला हे मिनिटाला १,००० वेळा. एवढं सोसणारं माणूस घरात असतं तर त्याचा जाहीर सत्कार झाला असता. गॅस्केट फाटलं की शिव्या मात्र त्यालाच, आणि ज्यानं फाडलं तो रेडिएटर तसाच मोकळा.

आता खोलणं. बोल्ट इंजिन पूर्ण गार झाल्यावरच सोडायचे, तेही टोकांकडून मध्याकडे, थोडेथोडे. गरम असताना सोडले की हेड वाकतं. उतरवलेलं हेड फरशीवर पालथं घालायचं नाही, लाकडी ठोकळ्यांवर ठेवायचं, नाहीतर खाली डोकावणारी, डिझेल फवारणाऱ्या नोझलची टोकं कामातून जातात. ओल्या लायनरचं इंजिन असेल (सिलिंडरची नळी म्हणजे लायनर, इथं ती थेट पाण्यात उभी असते) तर क्रँक, म्हणजे पिस्टन वर-खाली करणारा दांडा, फिरवायचा नाही, हे सगळ्यांना ओरडून सांगा. हेड नसताना लायनरला वरून धरणारं कुणी नसतं. पिस्टनबरोबर तो केसभर जरी उचलला गेला तरी खालचे रबरी सील हलतात आणि नवं गॅस्केट बसवूनही पाणी थेट ऑइल चेंबरमध्ये. फिरवायचाच असेल तर आधी लायनर जाड वॉशर आणि बोल्टनी दाबून धरा. भोवती जमलेल्या मंडळींत "जरा पिस्टन खाली घेऊन बघू" म्हणणारा एक तरी असतोच. त्याला बॅटरी धरायला लावा, म्हणजे दोन्ही हात गुंततात.

मग सगळ्यांनी वाकून बघायचं. जुन्या गॅस्केटवर दोन आणि तीन नंबरच्या भोकांभोवतीच्या पोलादी कड्या बघा. कुठं तरी काळा पट्टा कडी ओलांडून शेजारच्या भोकाकडं गेलेला असतो, तिथली कड कुरतडलेली, पत्रा निळा पडलेला. पिस्टनांवर काजळीचा थर असतो, पण पाणी गेलेल्या सिलिंडरचा पिस्टन वरून लख्ख. त्याचं कौतुक करू नका, वाफेनं धुतलाय तो.

इथून मिस्त्रींची आवडती आरती सुरू होते: "साहेब, हेड उतरवलंच आहे तर व्हॉल्व्ह घासून घेऊ. उतरवलंच आहे तर पिस्टनच्या रिंगा टाकू. उतरवलंच आहे तर क्लच..." क्लचचा आणि हेडचा संबंध काय, असं विचारू नये, उत्तर मिळतं. माझी यादी अशी: व्हॉल्व्ह सील हो, नोझल टेस्टिंग हो, वॉटर पंप आणि सगळे जुने होज हो, रेडिएटर उतरवून आतून-बाहेरून साफ करणं शंभर वेळा हो. कॉम्प्रेशन सारखं आणि बोअरवर ओरखडा नसेल तर रिंगा नाही.

थर्मोस्टॅट, म्हणजे पाणी तापलं की रेडिएटरची वाट उघडणारी झडप, मात्र नवा हवाच. "आपल्याकडं गरम हवा, काढून टाका" हा गॅरेजांतला सर्वात लोकप्रिय सल्ला आहे आणि सर्वात महागडाही. अनेक इंजिनांत थर्मोस्टॅट पूर्ण उघडला की बायपासची, म्हणजे रेडिएटर टाळून जाणारी, वाट बंद करतो. तोच काढला तर बायपास कायमचा उघडा राहतो आणि चढावर बरंचसं पाणी रेडिएटरला न भेटताच परत इंजिनात. सपाटीला इंजिन गारठलेलं, घाटात उकळलेलं, आणि सल्ला देणारा तोवर दुसऱ्या गाडीखाली.

हेडवर सरळ पट्टी उभी, आडवी, तिरकी ठेवून खाली फीलर (ठरलेल्या जाडीचं पातळ पान) घालायचा. ०.१ मिलिमीटरचं पान कुठं शिरलं तर फेसिंगला, म्हणजे मशीनवर घासून सपाट करायला, द्या, आणि मॅन्युअलचा आकडा याहून कडक असेल तर तोच खरा. पण फेसिंगच्या आधी दाबाची चाचणी. पाण्याच्या वाटा बंद करून, आत हवा भरून हेड गरम पाण्यात बुडवतात. दोन व्हॉल्व्ह सीटच्या मधली बारीक चीर गार असताना मिटून बसते, गरम झाली की बुडबुडे सोडते. क्रम उलटा केलात तर गुळगुळीत फेसिंग केलेलं भंगार घरी येतं.

फेसिंगनं हेड जेवढं खाल्लं तेवढे व्हॉल्व्ह पिस्टनजवळ येतात, म्हणून त्यांची खोली पुन्हा मोजायची. अनेक इंजिनांचं गॅस्केट दोन-तीन जाड्यांत येतं, कडेच्या खाचा किंवा भोकं मोजून ती ओळखायची. पिस्टन वर आल्यावर ब्लॉकच्या किती पुढे येतो हे डायल गेजनं बघून जाडी ठरते. डिझेलमध्ये तिथं मिलिमीटरच्या आसपासच जागा उरते. त्यामुळं काउंटरवरच्या "सगळ्यांना हेच बसतं" या वाक्याला हसून नमस्कार करावा आणि जुनं गॅस्केट पुढे करावं.

ब्लॉक साफ करायला पितळी किंवा प्लॅस्टिकची पट्टी वापरा. ग्राइंडरला चकती लावून चकाकी आणणारा दिसला तर त्याला चहाला पाठवा. त्या चकतीची पूड ऑइलच्या वाटेत उतरते आणि बेअरिंगं खाते. बोअरमध्ये कोंबलेली फडकी मोजून घाला, मोजून काढा. बोल्टांची भोकं हवेनं फुंकून कोरडी करा. तळाशी ऑइल-पाणी राहिलं तर बोल्ट आवळताना द्रव काही दबत नाही, ब्लॉक तडकतो.

गॅस्केट 'टॉप' लिहिलेली बाजू वर करून बसवायचं, धातूच्या थरांचं असेल तर कोरडंच. बोल्ट मध्यातून बाहेर, टप्प्याटप्प्यानं. कोनावर आवळायच्या बोल्टांना आधी ठरलेला टॉर्क (आवळायचा जोर), मग ९० अंश फिरवणं, कधी आणखी ९०. ते ताणले जातात, म्हणून दर वेळी नवे. "हाताला कळतं" म्हणणाऱ्या उस्तादांच्या हाताबद्दल मला आदर आहे, तो हात त्यांनी टॉर्क पान्यावर ठेवावा. जुन्या पद्धतीचं फायबर गॅस्केट मॅन्युअल सांगेल तेवढ्या किलोमीटरनंतर पुन्हा आवळतात. कोनावर आवळलेल्याला त्यानंतर हात लावायचा नाही, कितीही शिवशिवला तरी.

आणि आता माझं स्वतःचं "उतरवलंच आहे तर": सेन्सर. सगळ्या सिलिंडरांचा धूर गोळा करणारा एक्झॉस्ट मॅनिफोल्ड एरवी कुणी उतरवत नाही. तो जागेवर असताना भोक पाडलं तर लोखंडाचा कीस टर्बोच्या पात्यांत जातो. आत्ता तो बाकावर पडलाय, तोवर धुराच्या तापमानाचा सेन्सर बसवून टाका. १/८ एनपीटी (अमेरिकी मापाच्या) आट्यासाठी साधारण साडेआठ मिलिमीटरचं भोक, टर्बोच्या आधी, जिथं सगळ्या सिलिंडरांचा धूर एकत्र येतो तिथं. हा के-टाइप थर्मोकपल, म्हणजे दोन वेगळ्या धातूंच्या तारांचा तापमापक, असतो. त्याची तार साध्या तांब्याच्या वायरनं लांबवली तर आकडा कमी येतो, त्याचीच वायर मीटरपर्यंत न्यावी. टोकं उलटी जोडली तर इंजिन तापेल तसं मीटर थंडी वाजल्यासारखं खाली जातं. चढावर आकडा ७०० अंशांच्या पुढे रेंगाळू लागला की गिअर खाली आणि पाय वर.

पाण्याचा सेन्सर वरच्या होजमध्ये अॅल्युमिनियमचा जोड घालून बसवतात. हा जोड दोन रबरांच्या मधे, म्हणजे त्याला अर्थिंगच नाही. एका वायरीचा सेन्सर असेल तर जोडापासून इंजिनपर्यंत वेगळी अर्थ वायर हवी, नाहीतर मीटर मनाला येईल ते दाखवतं. शिवाय तिथं थर्मोस्टॅट बंदच अडकला तर सेन्सरला पत्ताच लागत नाही. थर्मोस्टॅटच्या हाउसिंगवर इंजिनाकडच्या बाजूला जागा मिळाली तर ती सोडू नका.

पाणीच संपण्यावर उपाय दोन: पाण्याच्या टाकीत पातळीचा सेन्सर, आणि हेडच्या धातूवर कडीचा सेन्सर. कडी हेडवरच्या एखाद्या लहान ब्रॅकेटच्या बोल्टखाली घालावी, हेड बोल्टखाली कधीच नाही, इतक्या मेहनतीचा टॉर्क वाया जातो. पाणी असो-नसो, धातू खरं बोलतो. दोनांतलं एकच परवडत असेल तर मी हा घेईन.

ऑइल दाबाचा सेन्सर जड असतो. तो टी-जोडावर लोंबकळत ठेवला तर डिझेलच्या थरथरीनं पितळी निपल मानेत तुटतं आणि ऑइल रस्त्यावर. छोटा होज लावून सेन्सर बॉडीवर बसवा. आटेही तपासा. १/८ एनपीटी इंचाला २७ आट्यांचा, १/८ बीएसपी (ब्रिटिश मापाचा) २८ चा. पहिले दोन फेर दोघं सख्ख्या भावांसारखे जातात, मग अडकतात आणि ठिबकतात.

जोडणी झाल्यावर डिझेलची हवा काढा: आधी हातपंपानं फिल्टरपर्यंत, मग नोझलचे नट अर्धा फेर सैल करून स्टार्टर मारायचा, डिझेल आलं की आवळायचे. कॉमन रेलला हे करायचं नाही. तिथला दाब १,००० बारच्या वर जातो आणि ती धार कातडी फोडून आत शिरते. ऑइल आणि फिल्टर नवे, ऑइल दुधाळ झालं असेल तर थोडं चालवून पुन्हा नवे. कुलंट आणि डिस्टिल्ड पाणी निम्मेनिम्मे, बोअरवेलचं पाणी नको, त्याचा क्षार रेडिएटरमध्ये बसतो. गाडीचं नाक चढावर, हीटर उघडा, आणि थर्मोस्टॅट उघडून बुडबुडे संपेपर्यंत धीर.

या सेन्सरांना जोडलेला बझर किती तापमानाला वाजावा, तो आकडा पुस्तकातून घेऊ नका. भरल्या गाडीनं घाट चढताना निरोगी इंजिन कमाल किती जातं ते बघा आणि त्यावर सात-आठ अंश ठेवा. फार खाली ठेवलात तर तो खंबाटकीत रोज वाजेल आणि ड्रायव्हर आठवड्यात त्याची वायर उपटेल. बझरचा जोड म्हणूनच डॅशबोर्डच्या आत खोल द्यावा.

वाजल्यावर काय करायचं, तेही ठरलेलं असू द्या. नुसतं तापमान वाढलं असेल तर बाजूला घ्या, हीटर पूर्ण उघडा, इंजिन आयडलला चालू ठेवा, पंप आणि पंखा पाणी फिरवत राहतील. पातळीचा किंवा ऑइल दाबाचा दिवा लागला तर त्याच क्षणी चावी बंद, फिरवायला काही उरलेलंच नाही. आणि बिसलेरीची बाटली घेऊन बॉनेटकडं धावणाऱ्या हौशी प्रवाशाला अर्धा तास तरी धरून ठेवा. १ बारच्या झाकणाखालचं पाणी १०० च्या पुढे जाऊनही उकळत नाही, ते उकळतं झाकण उघडल्यावर, एकदम, उघडणाऱ्याच्या तोंडावर.