इंपोर्टेड की इंडियन? आधी रुंदी विचारा

कोल्हापुरात कुणाच्या घरी गुडघा बदलायचं ठरलं की पहिला प्रश्न असतो, सांधा इंपोर्टेड बसवायचा की इंडियन? ऑगस्ट 2017 मध्ये केंद्राने किमतींना मर्यादा घातली, कोबाल्ट-क्रोम या मिश्रधातूचा पूर्ण सांधा दीड लाखाच्या पुढून 54,720 रुपयांवर (जीएसटी वेगळा) आला, आणि वाद आणखी पेटला. इथे ब्रिटनमधून तो वाचताना वाटतं, हा सांधा आपल्या हाडावर बसतो का, हे कुणी विचारतच नाही.

जुन्या डिझाइनांची मापं मुख्यतः गोऱ्या लोकांच्या हाडांवरून घेतलेली. आपला गुडघा, त्यातही बायकांचा, नुसता लहान नसतो. पुढून मागे जेवढा असतो, त्या मानाने तो आडवा अरुंद असतो. समजा मांडीचं हाड पुढून मागे 56 मिलिमीटर आणि आडवं 58 आहे. 56 ला जुळणारा सांधा 64 रुंद निघाला, तर दोन्ही बाजूंना 3-3 मिलिमीटर धातू बाहेर येतो. लिगामेंट (हाडं जोडणारे पट्टे) आणि सांध्याचं आवरण त्या कडेवर घासत राहतं. 3 मिलिमीटरपासून पुढे दुखणं रेंगाळण्याची शक्यता स्पष्ट वाढते.

मग सर्जन एक साइज खाली येतो. माप पुढून धरलं असेल तर मागचं हाड जास्त कापलं जातं, आणि गुडघा वाकवल्यावर सैल पडतो; जिना उतरताना भरवसा वाटत नाही. माप मागून धरलं तर करवत पुढच्या कठीण हाडात शिरते, तिथे खाच पडते आणि पुढे हाड मोडायची भीती राहते. नडगीच्या हाडाचा मागचा उतार आपल्याकडे सहसा जास्त, गुडघ्याची वाटी पातळ. तीही घासून बदलायची तर मागे 12 मिलिमीटर तरी हाड उरायला हवं.

अरुंद साइज आता मिळतात. त्यांनी दुखणं नक्की कमी होतं, असं तुलनांतून सिद्ध झालेलं नाही, हेही मान्य करायला हवं. पण मांडी घालून पंगतीला बसणारा गुडघा त्या तुलनांमध्ये फारसा नाहीच. इंग्लंड-वेल्सचं सांधेबदलाचं रजिस्टर 2003 पासून चालू आहे. ते सांधा किती वर्षं टिकला हे उत्तम सांगतं, कड किती बाहेर होती ते नाही. ती नोंद आपल्यालाच ठेवावी लागेल.

कोल्हापूरजवळच्या शिरोलीच्या फाउंड्रीवाल्यांना हे पटकन कळेल. सांध्याचा हा धातूचा तुकडा मेणाच्या नमुन्यावरून ओततात. ओतकाम अवघड असलं तरी जगाला येतं. आपल्याकडे कमी आहेत ती मापं. जिल्ह्यातल्या गुडघ्यांचे सीटी स्कॅन मोजून ती गोळा करता येतील.

तोवर ऑपरेशनआधी डॉक्टरांना विचारा: एक्स-रे काढताना शेजारी ठरलेल्या मापाचा गोळा ठेवून (चित्र किती मोठं आलं ते त्यावरून कळतं) साइज काढली का? अरुंद साइजची पेटी त्या दिवशी थिएटरमध्ये असेल का? आणि डिस्चार्जच्या फाइलमध्ये साइज व लॉट नंबरचा स्टिकर लावून घ्या.