ड्रेन बोल्टचा वायसर बदलणं ही लूट नाही

गेल्या महिनाभरात एकच मेसेज मला चार जणांनी पाठवला. नागपुरातल्या व्हॅनवाल्यांमध्ये तो जोरात फिरतो आहे. त्यात म्हटलंय ते थोडक्यात असं: ऑइल बदलताना चेंबरच्या (इंजिनखालच्या ऑइलच्या टाकीच्या) ड्रेन बोल्टचा, म्हणजे जुनं ऑइल सोडायच्या बोल्टचा, वायसर (बोल्टच्या डोक्याखालची चकती) बदलायला लावणं ही गॅरेजवाल्यांची लूट आहे. वायसर धातूचा असतो, तो झिजत नाही. चेंबरमध्ये प्रेशर नसतं, त्यामुळे गळायचं कारणच नाही. गळलंच तर बोल्ट आणखी घट्ट कसा, नाहीतर टेफ्लॉन टेप गुंडाळा. थेंब थेंब गेलं तरी काळजी नाही, लाल दिवा सांगेलच. शेवटी एक तक्रार आहे की गॅरेजवाले वायसरचे पैसे घेतात आणि जुनाच लावतात.

मी ईको चालवतो, सकाळ-दुपार शाळेची मुलं नेतो. हा मेसेज खरा मानून माझ्या ओळखीच्या दोघांनी वायसर टाळला, म्हणून एकेक मुद्दा घेतो.

वायसर झिजत नाही, हे खरं आहे. पण त्याचं काम झिजण्याचं नाहीच, दबण्याचं आहे. बोल्टचं डोकं आणि चेंबरचा पृष्ठभाग डोळ्यांना सपाट दिसतात, पण दोन्हींवर बारीक ओरखडे आणि उंचवटे असतात. मधला तांब्याचा किंवा अल्युमिनियमचा मऊ वायसर बोल्ट कसताना चेपतो आणि त्या फटींत भरतो. ऑइल अडतं ते तिथे, आट्यांमध्ये नाही. एकदा चेपलेला वायसर त्याच जागेचा ठसा घेऊन बसतो. पुढच्या वेळी बोल्ट नेमका त्याच ठशावर बसत नाही. शिवाय चेपलेला धातू कडक होतो. भंडाऱ्याला पितळेची भांडी घडवणाऱ्या कारागिराला विचारा: ठोकून ठोकून धातू कडक झाला की तो भांडं तापवून पुन्हा मऊ करतो आणि मगच पुढे ठोकतो. तांब्याचा वायसरही लाल होईपर्यंत तापवला तर मऊ होतो, जुने मिस्त्री तसं करायचे. अल्युमिनियमचं तसं नाही. ते डोळ्याला दिसेल असं लाल न होताच 660 अंशांच्या आसपास वितळतं, म्हणून त्याच्या नादी लागू नका. फायबरचा वायसर असेल तर तो उष्णतेने ठिसूळ होतो, तिथे पुन्हा वापरण्याचा विचारही नको.

चेंबरमध्ये ऑइल पंपाचं प्रेशर नसतं, हेही बरोबर. पण ड्रेन बोल्ट चेंबरच्या तळाशी असतो आणि ऑइल दिवसरात्र त्याच्यावर उभं असतं. त्यात आपल्याकडे मे महिन्यात पारा 45 च्या वर जातो. गरम झालेलं ऑइल पातळ होतं, त्याला केसभर फट पुरते. टाकीच्या नळालाही रात्रभर कुणी पंप लावत नाही, तरी वायसर गेला की सकाळी खाली पाणी असतंच.

आता "आणखी घट्ट कसा". मेसेजमधला सगळ्यात घातक सल्ला हाच. छोट्या गाड्यांच्या ड्रेन बोल्टला साधारण 40 न्यूटन मीटरच्या आसपास टॉर्क (कसायचा पीळ) लागतो. तुमच्या गाडीचा नेमका आकडा मॅन्युअलमध्ये पाहा. एक फुटी पान्याच्या टोकाला तेरा-चौदा किलोचा जोर लावला की एवढा टॉर्क होतो. त्याच पान्यात दोन फुटी पाइप घालून माणसाने पन्नास किलोचा जोर दिला तर टॉर्क तीनशेच्या घरात जातो. चेंबर अल्युमिनियमचा असेल तर त्याचे आटे बोल्टपेक्षा मऊ असतात, आधी तेच जातात. दोन वर्षांपूर्वी माझ्या गाडीचा बोल्ट वर्धा रोडकडच्या एका गॅरेजात असाच जुन्या वायसरवर दाबून कसला गेला. गळती थांबली, मीही खूश झालो. पुढच्या ऑइल बदलीला बोल्ट बाहेर आला तो आटे सोबत घेऊनच. जुलै महिना, शाळा चालू, आणि गाडी दोन दिवस उभी. अठरा पालकांना फोन करून सांगावं लागलं की मुलांना तुम्हीच सोडा. नवा वायसर तर्री पोह्याच्या एका प्लेटच्या भावात येतो. चेंबरचं काम त्या भावात होत नाही.

टेफ्लॉन टेप नळजोडणीच्या निमुळत्या आट्यांसाठी असते. ड्रेन बोल्टचे आटे सरळ असतात, तिथे टेप सील करत नाही. उलट टेप गुळगुळीत असल्याने त्याच टॉर्कला बोल्ट जास्त ओढला जातो, आणि सुटलेले तुकडे ऑइलच्या जाळीत जाऊन अडकू शकतात. एमसील लावण्याबद्दल तर बोलायलाच नको, पुढच्या वेळी बोल्ट सोडवायचा कसा?

लाल दिव्याबद्दलचा गैरसमज नीट समजून घ्या. तो दिवा ऑइल किती आहे हे दाखवत नाही, ऑइलचं प्रेशर कमी झालं की लागतो. म्हणजे चेंबर इतका रिकामा झाला की पंप हवा ओढायला लागला, तेव्हा. तोवर बेअरिंग कोरडं चालू लागलेलं असतं. हिशेब करा: मिनिटाला एक थेंब म्हणजे दिवसाला 1,440 थेंब. तीस थेंबांचा एक मिलि धरला तरी दिवसाला 48 मिलि, महिन्याला जवळपास दीड लिटर. ईकोसारख्या गाडीत ऑइल असतंच तीन लिटरच्या आसपास. दिव्याची वाट पाहू नका, दर आठवड्याला डिपस्टिक (ऑइलची पातळी पाहायची पट्टी) ओढून पाहा.

मेसेजमध्ये नसलेली, पण गळतीला हमखास कारणीभूत होणारी एक गोष्ट सांगतो. जुना वायसर कधीकधी चेंबरलाच चिकटून राहतो, चपटा होऊन त्याचाच भाग असल्यासारखा दिसतो. मिस्त्री त्यावर नवा लावतो, आणि दोन वायसर एकमेकांवर नीट बसत नाहीत. बोल्ट काढल्यावर चेंबरची कड कपड्याने पुसा, नखाने चाचपा. निघत नसेल तर प्लास्टिकच्या पट्टीने काढा, कानस लावू नका.

काही बोल्टांना रबराचं सील जोडलेलंच येतं. तिथे वेगळा वायसर लागत नाही, सील तडकलं असेल तर बोल्टच बदलायचा. आडगावी नवा वायसर मिळाला नाही आणि एखाद्या वेळी जुनाच उलटवून लावला, तर लगेच इंजिन बसतं असंही नाही. मात्र रात्री गाडीखाली पुठ्ठा ठेवा आणि सकाळी तो पाहा.

राहिली शेवटची तक्रार, पैसे घेऊन जुनाच लावण्याची. ती खरी आहे, मी स्वतः भोगलंय. त्यासाठी वायसर सोडून द्यायची गरज नाही. स्पेअर पार्टच्या दुकानातून आपल्या गाडीच्या मापाचे चार-पाच वायसर आणून डिक्कीत ठेवा, ऑइल बदलताना एक मिस्त्रीच्या हातात द्या आणि म्हणा, "भाऊ, जुना वायसर मला काढून दाखवा."