पहाडी तोफेच्या नळीला सांधा का? एका प्रतिक्रियेला उत्तर

तुमचा आक्षेप थोडक्यात असा: 1879 च्या 2.5 इंची पहाडी तोफेची (सुटी करून खेचरांवर लादून डोंगरात न्यायची तोफ) नळी दोन तुकड्यांत करून ब्रिटिशांनी विनाकारण एक कच्ची जागा तयार केली, त्यापेक्षा हलकी अखंड नळी बरी. पण ती वाट आधीच चालून झाली होती. त्याआधीच्या 7 पौंडी तोफेची नळी अखंड होती, वजन 200 पौंड, म्हणजे सुमारे 91 किलो. एका खेचराच्या पाठीवर जाईल तेवढंच. पण गोळ्याचा वेग सेकंदाला जेमतेम 300 मीटर. नव्या तोफेची नळी दुप्पट वजनाची, 400 पौंडांची. ती दोन जवळपास सारख्या तुकड्यांत वाटली, म्हणून खेचराचं ओझं तेवढंच राहिलं आणि वेग 440 मीटरच्या आसपास गेला.

जास्त वजनाचा दुसरा फायदा धक्क्याचा. या तोफेला धक्का शोषणारी यंत्रणा नव्हती. बार उडाला की चाकांच्या गाड्यासकट ती मागे उडी मारायची. 3.3 किलोचा गोळा 440 मीटर वेगाने सुटला, तर गाडा धरून 363 किलोच्या तोफेला नुसत्या गोळ्यामुळेच सेकंदाला 4 मीटर मागे ढकलतो. दारूचा वायू धरला तर आणखी. नळी निम्म्या वजनाची केली, तर मागे जायचा हा वेग 5.3 मीटर होतो आणि गाड्याने सोसायची ऊर्जा एक तृतीयांशाने वाढते. आधी गाडाच मोडला असता.

आता सांध्याकडे येऊ. नळीचे दोन तुकडे आट्यांच्या एका मोठ्या नटाने जोडले जात. तो जितका पुढे, तितका त्याच्यावरचा दाब कमी. पण मागचा भाग जाड असतो, म्हणून दोन्ही ओझी सारखी करायची तर सांधा मागे सरकवावा लागतो. ही ओढाताण खरी आहे. रोजची अडचण मात्र आट्यांतल्या रेतीची. रेती किंवा जळक्या दारूची काजळी राहिली की नट पूर्ण बसत नाही आणि दोन्ही तुकड्यांची तोंडं एकमेकांवर घट्ट टेकत नाहीत. त्या फटीतून तापलेला वायू घुसतो आणि प्रत्येक बाराला पोलाद खात जातो. म्हणून जोडण्याआधी दोन्ही तोंडं आणि आटे पुसायचे, तेलाचा पातळ हात द्यायचा, गोळ्याला फिरकी देणाऱ्या नळीच्या आतल्या खाचा समोरासमोर आणायच्या, मगच नट शेवटपर्यंत आवळायचा. घाईत यातलं काही सुटलं की पुढचं नुकसान ठरलेलं. तरीही ही रचना टिकली: 1917 च्या 3.7 इंची हॉवित्झरची (गोळा उंच कमानीत टाकणारी तोफ) नळीही दोन तुकड्यांचीच होती. तिला आठ खेचरं लागत आणि गोळा 20 पौंडांचा होता.

एका मुद्द्यावर मात्र तुम्ही आणखी कडक लिहायला हवं होतं. 2.5 इंची तोफ सुटी करून पाच खेचरांवर जायची; त्या पाच ओझ्यांतलं एक हरवलं, तर उरलेल्या चारांची तोफ होत नाही. 1899 च्या ऑक्टोबरमध्ये दक्षिण आफ्रिकेत, बोअर युद्धात, लेडीस्मिथ शहराजवळ निकल्सन्स नेक या जागेकडे रात्री कूच करताना ब्रिटिशांच्या पहाडी बॅटरीची (तोफांच्या तुकडीची) खेचरं बिथरली आणि तोफांचे भाग व दारूगोळा घेऊन अंधारात पळाली. दुसऱ्या दिवशी टेकडीवरच्या सैनिकांना तोफांशिवायच लढावं लागलं.