खाच गेलेला स्क्रू

स्विचबोर्ड, गिझर, खिडकीची जाळी, काहीही उघडायला जा, एका तरी स्क्रूची फुलीची खाच पार गुळगुळीत झालेली असतेच! बसवणाऱ्याने २ नंबरच्या स्क्रूवर १ नंबरचा, म्हणजे लहान टोकाचा, पेचकस फिरवलेला असतो, नाहीतर मशीनने करकचून आवळलेला. अरे, बिट, म्हणजे पेचकसाचं टोक, बदलायला असा कितीसा वेळ लागतो? आणि बाथरूममध्ये स्टेनलेस स्टीलचा स्क्रू वापरायचा सोडून साधा लोखंडी! तो गंजणारच ना. मग उघडणाऱ्याने गंज सोडवणारं तेल सोडून रात्रभर थांबायचं, हॅकसॉच्या (लोखंड कापायच्या करवतीच्या) पात्याने चपट्या पेचकसासाठी आडवी खाच पाडायची, तीही फाटली की ड्रिलने डोकंच उडवायचं. हे सगळं मिनिटभराच्या कामासाठी. संताप येतो अक्षरशः!